गोंड्याची टोपी

आमच्या घरी स्कॉटलंड बुडालं ते रिठ्याच्या पाण्यात.

मुलगी सातवीत गेली आणि शाळेच्या पाइप बँडमध्ये तिची निवड झाली. निवडीचा निकष काय होता ते मला अजून कळलेलं नाही. पण घरात एकदा भांडायला लागली की मध्ये श्वास न घेता ती दहा मिनिटं बोलू शकते, हे शाळेच्याही लक्षात आलं असावं. बॅगपाइप हे वाद्य अशाच माणसांसाठी आहे. काखेत पिशवी धरायची, ती तोंडानं फुगवायची, कोपरानं दाबायची, बोटांनी सूर काढायचा; वाजवणारा श्वास घ्यायला थांबला तरी सूर थांबत नाही. आमच्या आईनं ते वाद्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "ही तर पखाल आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "म्हैसही आतच आहे का?"

वाद्याबरोबर वर्दी आली. चौकड्यांचा चुण्यांचा झगा, खांद्यावरून टाकायची शाल, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि ती टोपी. काळ्या लोकरीची, होडीसारखी लांबट. कडेनं लाल-पांढऱ्या चौकटींची पट्टी, डाव्या बाजूला बिल्ला आणि तुरा, माथ्यावर लिंबाएवढा लाल गोंडा आणि मागे मानेवर लोंबणाऱ्या दोन काळ्या फिती. मुलीनं ती घातली, आरशात पाहिलं आणि त्या दिवसापासून आमच्याशी जरा तोऱ्यातच बोलायला लागली.

आईला मात्र तोरा दिसला नाही, कोंडा दिसला. "किती पोट्ट्यांच्या डोक्यावरून फिरून आली असन माय ही!" असं म्हणून तिनं टोपी उचलली आणि कडकडीत पाण्यात रिठे घालून भिजवली. लोकर गरम पाण्यात गेली की काय होतं हे आईला चांगलं माहीत आहे. तिनं आयुष्यभर स्वेटर विणले आहेत. पण शाळेची वस्तू आहे म्हणजे पक्कीच असणार, असा तिचा विश्वास. टोपी आटली. दूध आटावं तशी. गोंड्याचा लाल रंग खाली उतरला, पांढऱ्या चौकटी गुलाबी झाल्या, आणि स्कॉटलंडचा सगळा बाणेदारपणा बडीशेपेच्या गोळ्यांसारखा दिसायला लागला. गच्चीवरून वाळून आली तेव्हा ती मुलीच्या डोक्याला नाही, मुठीला बसत होती. आई हल्ली तिच्यात लसूण ठेवते. लसूण फार छान टिकतो म्हणते.

२६ जानेवारीला तीन दिवस उरले होते.

टोपीचं नाव ग्लेनगॅरी, एवढं मुलीनं सांगितलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : "अर्जंट! ग्लेनगॅरी कुठे मिळेल?" नागपूरच्या मनीषनगरात राहणाऱ्या माणसाला हे सांगायला नको, की इथे इंग्रजी नावाची कुठलीही गोष्ट आधी फ्लॅट स्कीमच असते. पहिलं उत्तर आलं, "बेसा रोडले आहे का?" दुसरं, "टू बीएचकेचा काय रेट चालू आहे?" तिसऱ्यानं छातीठोकपणे लिहिलं, "तिथे घेऊ नका, पझेशन लटकलं आहे." चौथ्या मजल्यावरचे निवृत्त काका तेवढे मुद्द्याच्या जवळ आले. त्यांनी विचारलं, "व्हेज की नॉनव्हेज?"

मग मी टोपीचा फोटो टाकला. दोन मिनिटं ग्रुप शांत. नंतर एक ओळ आली : "अरे, ही तर बँडवाल्याची टोपी!"

हे खरं तर मलाच आठवायला हवं होतं. मी मनीषनगरात आलो तेव्हा इथं उड्डाणपूल नव्हता, फाटक होतं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई अशा दोन्ही बाजूंच्या गाड्या नागपूर ते वर्धा याच रुळांवरून जातात. त्यामुळे भारताच्या कुठल्याही टोकाचा माणूस कुठल्याही दुसऱ्या टोकाला निघाला, की त्याला जाऊ देण्यासाठी मनीषनगरचा माणूस थांबायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये वर्धा रोडचा दुमजली पूल सुरू झाला, त्याच्याबरोबर आमचाही उड्डाणपूल झाला आणि आमच्या आयुष्यातला चिंतनाचा वेळ संपला. त्या फाटकावर मी काय काय पाहिलं नाही! एकदा मे महिन्यात वरात अडकली होती. संध्याकाळचे सात वाजले तरी डांबर वाफा टाकत होतं. नवरदेवाच्या डोक्यावर मंदील आणि मुंडावळ्या. काका-मामांच्या डोक्यावर भाड्याचे भगवे फेटे, तेही आयुष्यात पहिल्यांदाच बांधून घेतलेले, म्हणून सगळे मान न हलवता डोळेच फिरवत होते. घोड्याच्या डोक्यावर तुरा. आणि समोर बँडवाले, डोक्यावर लोकरीच्या काळ्या टोप्या, लाल गोंडा, मागे फिती. त्या टोपीला ना झापड, ना कानावर यायला पाळी. उन्हात सावली देत नाही, थंडीत कान झाकत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतो, तिथे ही टोपी! एका ट्रम्पेटवाल्याच्या गोंड्याचा रंग घामाबरोबर ओघळून कपाळावर आला होता, आणि मुलीकडच्या एका आजीबाईंना वाटलं त्यालाही कुंकू लावलंय.

त्या सगळ्या गर्दीत स्वतःची टोपी घातलेला माणूस एकही नव्हता. घोड्याचा तुराही घोडेवाल्याचा.

टोपी मागायला बँडवाल्याकडे जायचं तर होतंच, पण आधी मी सरळ मार्गानं गेलो. सीताबर्डी पालथी घातली. गणवेशाच्या दुकानात एनसीसीची बेरे होती, स्काउटची टोपी होती. "ग्लेनगॅरी नाई भाऊ, बेरे घेऊन जा, वाकडी केली की तेच होते." इतवारीत माकडटोपी दाखवली. महालात एकानं फोटो नीट पाहून विचारलं, "ही कोणत्या पक्षाची?" त्याची चूक नव्हती. नागपुरात टोपीला रंग असतो आणि रंगाला मत असतं. १९२० चं काँग्रेस अधिवेशन याच गावात झालं, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब इथंच झालं. तेव्हापासून पांढरी टोपी. १९२५ मध्ये संघ इथंच स्थापन झाला. त्याची काळी टोपी, आणि विजयादशमीच्या संचलनात घोष. पुढे दीक्षाभूमीच्या वाटेवर निळी. अशा गावात काळीवर लाल गोंडा आणि वर पांढऱ्या चौकटी असं सर्वपक्षीय सरकार डोक्यावर घेऊन फिरायचं म्हणजे लोक विचारणारच.

शेवटी खादीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खरी गोम सांगितली. त्यांनी एक गांधीटोपी घेतली, फोटोशेजारी ठेवली आणि म्हणाले, "हे पाहा. दोन्ही होडीसारख्या, दोन्हीची घडी सपाट बसते, दोन्ही खिशात मावतात. यालेच गोंडा लावून घ्या नं." मी हसलो, पण हसता हसता थांबलो. माणूस बरोबर बोलत होता. ग्लेनगॅरी म्हणजे लग्नाला निघालेली गांधीटोपी, आणि गांधीटोपी म्हणजे सगळे दागिने काढून ठेवलेली ग्लेनगॅरी. एकीनं साम्राज्याला सलामी दिली, दुसरीनं साम्राज्याला घरी पाठवलं. पण शिंप्याला विचाराल तर बेतणी जवळपास सारखीच.

रात्री झोप येईना, म्हणून या टोपीचा मूळ पुरुष शोधायला बसलो. मला वाटलं होतं, असेल एखादा डोंगरातला शूर गडी, बर्फातून मेंढ्या हाकणारा. निघाला आपल्याच ओळखीचा माणूस. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात ग्लेनगॅरी नावाचं खोरं आहे. तिथल्या मॅकडॉनेल घराण्याचा प्रमुख अलेक्झांडर रनाल्डसन मॅकडॉनेल. जन्म १७७३. एव्हाना इंग्रजांनी डोंगरी सरदारांचं बंड मोडून काढलेलं होतं. १७४६ च्या कायद्यानं तिथल्या पुरुषांना पारंपरिक पोशाखाची बंदी केली होती, ती उठली १७८२ मध्ये. म्हणजे या गृहस्थाला कळू लागलं त्याच सुमारास पोशाख परत मिळाला, आणि त्यानं तो असा काही अंगावर घेतला की पुन्हा उतरवलाच नाही. बाहेर निघायचा तो मागे हत्यारबंद माणसांचा लवाजमा घेऊन. त्या लवाजम्याला तिकडे 'शेपूट'च म्हणत. आपण खरे डोंगरी लोक, असं सांगणारी एक मंडळीही त्यानं १८१५ मध्ये काढली. आणि हे खरेपण मिरवण्याचा खर्च भागत नव्हता, म्हणून आपल्याच खोऱ्यातल्या कुळांना जमिनीवरून उठवलं. लोक जहाजात बसून कॅनडाला गेले, परंपरा सरदाराच्या अंगावर राहिली.

१८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. सोहळ्याची सगळी मांडणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे. आपल्याकडे कार्याची जबाबदारी कादंबरीकाराला देत नाहीत यामागे काही शहाणपण आहे. स्कॉटनं ठरवलं की सगळ्या स्कॉटलंडनं डोंगरी वेशात यायचं. ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या डोंगऱ्यांना लुटारू म्हणत, ते सपाटीवरचे वकील-व्यापारीही शिंप्याकडे रांगा लावून उभे राहिले. राजानं स्वतः झगा घातला. त्याच्या पोशाखाचं बिल १,३५४ पौंड झालं. एवढं करून झगा निघाला आखूड, म्हणून आत गुलाबी विजार घालावी लागली. राजाचा घेर पाहता ते दृश्य प्रेक्षकांनी ज्या गांभीर्यानं पाहिलं, त्याला मी मुजरा करतो. याच सोहळ्याच्या निमित्तानं आमच्या मॅकडॉनेलनं जुनी गोल विणलेली टोपी बदलून ही घडीची टोपी रूढ केली, असं सांगतात. तिला नाव तरी त्याच्याच खोऱ्याचं पडलं.

मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे ही टोपी जन्मापासूनच वरातीतली आहे! तिच्यात बर्फ नाही, मेंढ्या नाहीत, रणांगण नाही. एका मोठ्या पाहुण्यासमोर, भाड्यानं आणि उधारीनं सजलेल्या गर्दीत उठून दिसावं म्हणून एका हौशी माणसानं ती डोक्यावर ठेवली. १८२८ मध्ये एका आगबोटीला अपघात झाला, तेव्हा किनाऱ्यावर उडी मारताना लागून तो गेला. मागे भरपूर कर्ज ठेवलं. विदर्भात जन्मला असता तर लोकांनी त्याला 'मालगुजार' म्हटलं असतं आणि प्रत्येक लग्नात घोड्यापुढे नाचायला बोलावलं असतं.

पुढचा प्रवास लष्करी. डोंगरी पलटणींनी ती उचलली. १८६८ च्या सुमारास जवळजवळ सगळ्या ब्रिटिश पायदळाला रोजच्या वापरासाठी तिचीच साधी आवृत्ती मिळाली. मग पलटणी भारतात, पलटणींबरोबर पाइप भारतात, आणि त्या सुरांच्या नादी लागून शीख, गुरखे, पंजाबी पलटणींनीही आपापले पाइप बँड उभे केले. इंग्रज गेले, सूर राहिला. आज बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात शिवाजी महाराजांचा जयजयकार होतो आणि तिथेच पाइपही वाजतात. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही, आणि वाटूही नये. आमच्या उंबरठ्यावर कामठीची छावणी १८२१ पासूनची, आता तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. पलटणी बदलल्या, बँड बदलले नाहीत.

जाता जाता एक सांगायला हवं. नागपूरला खरा स्कॉटलंड मिळाला तो टोपीतून नाही. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये इथे आला, शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात नागपूरच्या आसपासचे दगड फोडून जीवाश्म गोळा करत हिंडला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडाला. वर्धा रोडनं बुटीबोरीकडे जाताना त्या बाजूला मी अजूनही एकदा मान वळवून पाहतो. त्याच्या नावाचं कॉलेज आहे, एक खनिजसुद्धा आहे. टोपी मात्र नाही. कामाच्या माणसाच्या नावानं टोपी निघत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लाज सोडून बँडच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे दहा बाय बारा. भिंतीवर ट्रम्पेट, छताला ढोल, कोपऱ्यात झुंबरासारखे डोक्यावर धरायचे दिवे, आणि खिळ्यांवर ओळीनं टोप्या. मास्तर लुंगीवर बसून पितळेची सनई पुसत होते. मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं, "ग्लेनगॅरी." नागपुरात तीन दिवसांत हा शब्द अचूक उच्चारणारा पहिला माणूस.

"मास्तर, ही स्कॉटलंडची ना?"

"मेरठची," ते म्हणाले. "बाजे मेरठचे, टोप्या मेरठच्या. पाइप पाह्यजे असन तर बॉर्डरपार सियालकोटले बनते, तिथून साऱ्या जगात जाते. स्कॉटलंडवालेबी तिथूनच मंगवते म्हणतात. आता बोला."

माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मास्तरांनी एक टोपी काढली, झटकली, आणि मला समोर उभं करून माझ्याच डोक्यावर ठेवली. "सरळ नाई घालायची. उजव्या कानाकडं कललेली पाह्यजे. भुवईच्यावर दोन बोटं. बिल्ला डाव्या कानशिलावर. फिती मागे, मधोमध. फिती कायच्यासाठी माहीत आहे का? पहिले त्यानंच टोपी आवळत होते. आता डोकं लहान-मोठं असलं तर आम्ही आत पेपर टाकतो." त्यांनी टोपी उलटी करून दाखवली. आत मराठी दैनिकाची घडी होती, छोट्या जाहिरातींचं पान.

"आणि गोंडा कशासाठी?"

मास्तरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "साहेब, देवळावर कळस कायले असते?"

मग ते खुलले. बोनेट नावाचा एक प्रकार असतो, त्याची गोष्ट त्यांनी सांगितली : शहामृगाच्या पिसांचा, डोक्यावर अस्वल बसल्यासारखा दिसतो, पण आत नुसता तारांचा पिंजरा, म्हणून वजन दिसतं तेवढं नसतं. "आपल्याकडं एक होता. नागपुरी उन्हात कोण घालन? शेवटी मांजरीनं पिल्लं दिली त्याच्यात." धुमाल आल्यापासून बँडला मागणी कशी कमी झाली, त्याच्या गाडीवर लावलेल्या भोंग्यांपुढे ट्रम्पेटवाल्याची छाती कशी फाटते, हेही सांगितलं. बँडकडे आता दोनच प्रकारची गिऱ्हाइकं येतात म्हणाले : ज्यांना धुमाल परवडत नाही ते, आणि ज्यांना फार परवडतं ते.

भाडं शंभर, डिपॉझिट पाचशे. अट एकच. "सव्वीसलेच संध्याकाळी लग्न आहे आपल्याकडं. सहाच्या आत टोपी पाह्यजे. धुऊ नका."

हे शेवटचे दोन शब्द त्यांना कुणी सांगितले होते, देव जाणे. मी तर लसणाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

टोपी मुलीला जरा मोठी झाली. छोट्या जाहिरातींत आणखी एक पान घातलं तरी मान वळवली की टोपी जागेवर आणि डोकं पुढे. शेवटी तिनं तिच्या ठेवणीतली फुलपाखराची गुलाबी क्लिप काढली आणि आतल्या बाजूनं, फितींच्या मुळाशी, केसांत अडकवली. "बाहेरून दिसणार नाही," म्हणाली. राजाची गुलाबी विजार मला आठवली, पण मी गप्प बसलो.

२६ तारखेला सकाळी कस्तुरचंद पार्कवर धुकं होतं. आईला गाडीत आणलं होतं, शाल-स्वेटर-माकडटोपीसकट. पोलिसांचा बँड आला, पथकं आली, आणि मग शाळांच्या रांगेत आमची पाइपवाली पोरं. दहा-बारा पिशव्या एकदम फुगल्या, एकदम दाबल्या गेल्या, आणि तो सूर निघाला. बंद खोलीत ज्या आवाजानं शेजारी दार आपटायचे, तो मोकळ्या मैदानावर अगदी वेगळा होता. लांबून येणारा, रडवेला आणि ताठ, दोन्ही एकदम. मी मुलीला शोधत होतो. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, सगळे गोंडे एका लयीत हलणारे, सगळ्यांच्या काखेत कळसा आणि मैदानाला वळसा. ओळखू येईना. आईनं बरोबर ओळखलं. "ती पाहा. जिची टोपी हलत नाई ती. क्लिप लावली आहे नं."

शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी कौतुकानं विचारलं, "टोपी फार छान आहे. कुठून आणली?"

"स्कॉटलंडहून," आई म्हणाली. "व्हाया मेरठ."

साडेपाचला मी टोपी परत करून आलो. मास्तरांनी ती नाकाशी धरून वास घेतला, समाधानानं खिळ्याला लावली आणि पाचशे परत दिले.

रात्री आठच्या सुमारास खाली बँड वाजायला लागला. मनीषनगरात लग्नसराईत हे रोजचंच, पण मुलगी धावत गॅलरीत गेली आणि आम्हाला ओरडून बोलावलं. वरात आमच्या इमारतीखाली थांबली होती. पुढच्या चौकात कुणाची तरी कार वाटेत आडवी लागलेली. नवरदेव घोड्यावर डुलत होता, मामा फेट्याला हात लावून उभे होते, डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका हात बदलत होत्या. आणि पहिल्या रांगेत, गाल फुगवून, अंगात आल्यासारखा ट्रम्पेट वाजवत एक पन्नाशीचा माणूस उभा होता. टोपी उजव्या कानाकडे कललेली, भुवईच्या वर दोन बोटं.

"बाबा, माझी टोपी!"

"कशावरून?"

तो माणूस सूर धरून गोल फिरला, पाठ आमच्याकडे झाली. मानेवर दोन काळ्या फिती उडत होत्या आणि त्यांच्या मुळाशी, दिव्यांच्या झगमगाटात, गुलाबी फुलपाखरू चमकत होतं.